समासात लिहिलेलं गाणं

"विचारलंस ना? मग आता ऐक."

हे वाक्य माझ्या थोरल्या बहिणीचं. दिवसातून दहादा तरी ते तिच्या तोंडून निघायचं. लहानपणी मी तिला गणित विचारायचो आणि ती सांगायला लागली की खिडकीबाहेर बघायचो, तेव्हा माझा कान धरून ती हेच म्हणायची. लग्न झाल्यावर नवऱ्याने बूट काढता काढता "आज उशीर का झाला?" असं सहज विचारलं, तरी हेच. एकदा डॉक्टरने "काय होतंय?" असं विचारलं आणि तिने तोंड उघडायच्या आत चिठ्ठी लिहायला घेतली. "विचारलंत ना? मग आता ऐका," ताई म्हणाली. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. रागावून बोलायची नाही ती. ज्याने प्रश्न विचारला त्याने उत्तराला बसायला जागा द्यावी, एवढंच तिचं म्हणणं असे.

मी भाजी पिकवणारा. दर गुरुवारी टोमॅटो आणि काकडी टेंपोत घालून शहरात जायचो, बाजार आटोपला की ताईकडे जेवायचो आणि गावाकडे परतायचो. तिची जी हकिगत सांगतोय ती अशा गुरुवारांतून गोळा झालेली आहे. थोडी तिने सांगितलेली, थोडी डोळ्यांनी पाहिलेली.

ताई अठरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावायचं, समोरच्या फळीवरच्या भोकांत तारा खोचायच्या आणि या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाशी जोडून द्यायचं. तिचा आवाज तिथेच घडला. गोड म्हणता यायचा नाही, पण स्वच्छ. धुऊन दोरीवर टाकलेल्या पांढऱ्या कापडासारखा. मग एक दिवस फोन आपले आपण जोडले जायला लागले आणि ताई घरी बसली. दोन वर्षं बसली. ती दोन वर्षं घरातल्यांनी कशी काढली ते भाऊजींनाच ठाऊक. बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करणारा तो माणूस त्या काळात रविवारीसुद्धा कामावर जायचा.

नंतर तिला गाण्यांच्या पाहणी केंद्रात काम मिळालं.

चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, एक लांबट खोली. आठ टेबलं, मध्ये प्लायवूडच्या आडभिंती, प्रत्येक टेबलावर फोन, कानाला लावायचं यंत्र आणि एक काळी पेटी. यंत्राच्या कानावरचा स्पंज झिजून गळायचा. तिथल्या बायकांच्या केसांत त्याचे काळे कण अडकलेले दिसायचे. समोरच्या भिंतीवर एक भलंमोठं घड्याळ, सेकंदाचा काटा लाल.

काम असं. यादीतला नंबर फिरवायचा. समोरून कोणी उचलला की कागदावरचं वाक्य म्हणायचं: "नमस्कार, मी पाहणी केंद्रातून बोलते. तुम्हाला काही गाणी ऐकवायची आहेत." मग पेटीचं बटण दाबलं की समोरच्याच्या कानात गाण्याचा एक तुकडा वाजायचा. सात सेकंद. तुकडा संपला की म्हणायचं, एक ते पाच यांतला आकडा सांगा. एक म्हणजे खूप आवडतं. दोन म्हणजे चालेल. तीन, ऐकून ऐकून कंटाळा आला. चार, आवडत नाही. पाच, ओळखीचं नाही. त्या आकड्याच्या चौकोनात खूण करायची आणि पुढचा तुकडा. असे वीस तुकडे, आणि असे दिवसाला चाळीस फोन. गुरुवारी मात्र अर्धा दिवस.

पंधरवड्याच्या शेवटी हे कागद मुख्य कचेरीत जात. तिथून शहराच्या रेडिओ केंद्राला यादी येई, कोणती गाणी वाजवायची आणि दिवसातून किती वेळा. कॅसेटच्या दुकानदारांनाही तीच यादी मिळे, म्हणजे पुढच्या फळीवर काय मांडायचं आणि माळ्यावर काय टाकायचं हे त्यांना कळावं. ज्या गाण्याला 'पाच'च्या खुणा फार पडल्या ते यादीतून जाई. आणि यादीतून गेलेलं गाणं माणसांच्या कानावर पडणार कुठून?

"आणि हो," ताईने पहिल्याच गुरुवारी मला सांगितलं, "आधी वय विचारायचं. पंचेचाळीसच्या वरचा निघाला तर म्हणायचं, तुमच्या गटाची संख्या पूर्ण झाली आहे, धन्यवाद. आणि ठेवून द्यायचा."

"झालेली असते पूर्ण?"

"सुरूच झालेली नसते."

"मग खोटं कशाला बोलायचं?"

"विचारलंस ना? मग आता ऐक. पंचेचाळीसच्या वरचा माणूस साबण बदलत नाही. असं साहेब म्हणतात. आणि रेडिओवर गाणी असतात ती दोन साबणांच्या मधली जागा भरायला."

मला त्या वर्षी सेहेचाळिसावं लागलं होतं, आणि ती तर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ताईने मला आणखी अर्धी भाकरी वाढली.

साहेब म्हणजे तिशीतला एक तरुण. इस्त्रीचा शर्ट, टाय, झाडूवालीलासुद्धा अहो-जाहो. वाईट म्हणावा असा माणूसच नव्हता तो, हीच पंचाईत होती. बोलण्यात मात्र इतके टक्के की बायकांनी त्याचं नाव टक्केसाहेब ठेवलं होतं. "आज चहा वीस टक्के जास्त गोड झालाय," असं तो एकदा खरोखर म्हणाला होता, आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरीला, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, इतकं हसू फुटलं की तिच्या फोनवरच्या माणसाला वाटलं हाही गाण्याचाच तुकडा आहे. त्याने त्याला 'दोन' दिले.

आता ताईच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं.

ते शिंपी. दुकान कधीच बंद झालं, डोळे अधू झाले, पण पायांची सवय जाईना. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन, आणि मशीनच्या फळीवर रेडिओ. शेजारपाजारच्यांच्या कॉलरी उलटवून दे, चादरींना काठ मार, असं काहीतरी दिवसभर चाले. त्यांना सगळे बाबा म्हणत. दुपारी एक ते दोन रेडिओवर जुन्या गाण्यांचा तास असे. तो तास चालवणारा निवेदकही जुनाच. मधूनमधून खोकायचा, लोकांची पत्रं वाचून दाखवायचा, आणि त्यांतलं त्याच्या मनाला येईल ते गाणं लावायचा. बाबांचा पाय गाण्यांनी थांबायचा नाही. गाणी आणि मशीन एकमेकांना न अडता चालत.

एका गाण्याला मात्र मशीन थांबायचं.

ते गाणं कुणाचं हे आम्हाला कुणालाच धड माहीत नव्हतं. सुरुवातीला नुसती बासरी, तीही अर्धा मिनिट, जणू वाजवणारा अजून ठरवतोय वाजवू की नको. मग एका बाईचा खालचा आवाज. उशीर झालेल्या कुणाला तरी ती सांगते आहे की मी आता निजते, तू आलास की ये, दार लोटलंय, कडी नाही. गाण्यात याहून जास्त काही घडत नाही. महिन्यातून एकदा, कधी दोनदा ते लागायचं. स्वयंपाकघरापर्यंत गाणं पोचो न पोचो, मशीन थांबल्याचं पोचायचं, आणि ताई नळ बंद करायची. मीही एकदोनदा तिथे होतो. घास तोंडात तसाच ठेवून मी बसलो होतो ते आठवतं.

बाबा का थांबतात हे ताईने त्यांना कधी विचारलं नाही. तिला सगळ्यांना विचारायची सवय, पण हे नाही.

तिला ते काम लागून वर्ष होत आलं असेल. एका गुरुवारी ती ताटावर बसली, पण हात भाकरीकडे जाईना.

"दुपारचा तास बंद करायचा घाट आहे," ती हळू आवाजात म्हणाली. पुढच्या खोलीत मशीन चालू होतं. "या पंधरवड्याच्या कागदावर त्या तासातली सहा गाणी आली आहेत. चार जरी पाचात गेली तरी तास गेला. आणि आपलं गाणं त्यात आहे."

"मग लोक सांगतील की, आवडतं म्हणून."

"कसं सांगतील? नवीन गाणी मधून कापतात, जिथे ती डोक्यात बसलेली असतात तिथे. जुनी कापलीयेत सुरुवातीपासून. या गाण्याच्या सात सेकंदांत काय वाजतं माहितेय? बासरीवाला श्वास घेतो. एक सूर लागतो न लागतो, आणि संपलं. पन्नास जणांना वाजवलं मी. अठ्ठेचाळीस पाच."

तिने टक्केसाहेबांना गाठून सांगितलं होतं. तो संवाद तिने मला दोघांच्या आवाजात करून दाखवला.

"साहेब, हा तुकडा चुकीच्या जागी कापलाय."

"कापायचं काम वर होतं ताई, मुख्य कचेरीत."

"मग वर कळवा."

"वर कळवायचा फॉर्म नाही आपल्याकडे."

"अहो, बासरीवाल्याचा श्वास कोण ओळखणार?"

"म्हणजे ते गाणं ओळखीचं नाही, असाच अर्थ झाला ना ताई?"

"आणि असं म्हणताना," ताई म्हणाली, "तो इतका मनापासून माझ्याकडे बघत होता की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पाणीही द्यावंसं वाटलं."

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या बाजारात आडत्याने एका वर्षी सांगितलं, गोल आणि टणक टोमॅटो आणा, गिऱ्हाईक तेच मागतं. आम्ही तेच लावले. आमच्याकडे एक चपटा, घड्या पडलेला टोमॅटो व्हायचा, आंबटगोड, हातात धरला की फुटेल असा. त्याचं बी कुणी ठेवलं नाही. चार वर्षं लोकांनी दुसरा टोमॅटो पाहिलाच नाही, आणि आता गिऱ्हाईक खरंच गोल आणि टणक मागतं. आडत्या खोटं बोलला नव्हता. फक्त चार वर्षं आधी बोलला होता.

दुसऱ्या दिवशी ताईने डब्याच्या पिशवीत घरचा छोटा टेपरेकॉर्डर घातला. बाबांनी ते गाणं कधीतरी रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. सुरुवातीला निवेदकाचा खोकला होता, तोही तसाच. तिचं टेबल कोपऱ्यातलं. फोनवरचा माणूस त्या गाण्याला 'पाच' म्हणाला की ती म्हणायची, "जरा थांबाल का?" आणि टेपरेकॉर्डर बोलायच्या नळीशी धरायची. अख्खं गाणं, साडेचार मिनिटं. वयाचा प्रश्न तिने सोडूनच दिला.

पुष्कळांनी फोन आपटले. एकाने शिव्या घातल्या. पण काही थांबले. एक बेकरीवाला होता, जांभई देत म्हणाला, "भट्टीचा आवाज येत होता, म्हणून दार लावून आलो. हां, वाजू दे." शेवटी म्हणाला, "बरं होतं." एका नर्सने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो आला का?" एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आवडलं नाही. पण परत लावा ना एकदा."

आता याला आकडा कोणता द्यायचा? कागदावर चौकोन पाचच. ताईने कागद आडवा केला आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: *आवडलं नाही, पण परत लावा म्हणाली.* त्याखाली: *भट्टीचं दार लावून ऐकलं. बरं होतं म्हणाला.* पंधरवडा संपेपर्यंत ती असे समास भरत राहिली. तिचं अक्षर तिरपं आणि बारीक, जागा संपली की कडेने वर चढायचं.

चाळीस फोनांचे अकरा झाले. चष्मेवाली आडभिंतीवरून डोकं काढून म्हणायची, "ताई, टक्केसाहेब घड्याळाकडे बघतायत."

"बघू दे. त्यासाठीच टांगलंय."

पंधराव्या दिवशी साहेबांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तिचे सगळे कागद पसरलेले. नोकरी गेली असं समजून ताई उभीच राहिली. साहेब एकेक समास मान वाकडी करून वाचत होते.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"लोक बोलले. मी लिहिलं."

"ताई, हे सोनं आहे," साहेब म्हणाले. "टक्क्यांत हे येतच नाही. मी आजच वर पाठवतो."

त्या गुरुवारी मी गेलो तर घरात लग्नघरासारखी गडबड. ताई पुढच्या खोलीत जाऊन म्हणाली, "बाबा, तुमचं गाणं राहणार."

"राहणार म्हणजे?" बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले. "कुठे निघालं होतं ते?"

ती हसत सुटली. मला तिने दोनदा वाढलं, आणि तिसऱ्यांदा नको म्हणत असताना वाढलं. इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती, आणि तसं मी भाऊजींसमोरच म्हणालो. भाऊजी म्हणाले, "लग्नात मी तिला गाणं ऐकवलं नव्हतं ना."

महिना गेला असेल. गाणं आलं.

सकाळी सातला आलं, आठला आलं, दहाला आलं. बासरी कापून टाकलेली होती. खाली ढोल घातलेला. बाईचा आवाज ओढून वर नेलेला, आणि शब्द तेवढेच, पुन्हा पुन्हा: दार लोटलंय, कडी नाही. त्यानंतर एक जाडा पुरुषी आवाज म्हणायचा, "आठवणींना कडी नसते. पण घराला हवी." ती कुलपाच्या कंपनीची जाहिरात होती. आणि जाहिरातीच्या आधी 'खरे श्रोते' बोलायचे. एक माणूस रडवेल्या आवाजात म्हणायचा, "मी भट्टी बंद केली हो, भट्टी, हे गाणं ऐकायला." एक मुलगी हुंदका देऊन म्हणायची, "परत लावा ना. एकदाच."

ताईने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातात दुधाचं पातेलं होतं. ते तसंच धरून ती उभी राहिली.

"तो रडका नव्हता रे," ती मला म्हणाली. "जांभई देत बोलला होता तो."

दुपारचा तास बंद झाला. ते गाणं आता दिवसभर वाजतंय, मग वेगळा तास कशाला, असा वरचा हिशेब. शेवटच्या दिवशी निवेदक खोकला आणि म्हणाला, "पत्रं आली आहेत. वाचायला वेळ दिलेला नाही." मग लगेच बातम्या लागल्या.

ताई केबिनमध्ये गेली. साहेब उठून उभे राहिले. "ताई, हे सगळं तुमच्यामुळे. ऐकणारे चाळीस टक्के वाढले. चाळीस." तिला वरून एक छापील प्रशस्तिपत्र आलं आणि कानाचं नवं यंत्र, नव्या स्पंजचं. आठही टेबलांसाठी नवे कागदही छापून आले. त्यांत समास नव्हता. तिथे एक रकाना होता, वर लिहिलेलं: *श्रोत्याची भावना (सात शब्दांत)*. आणि पंचावन्नच्या वरच्यांचा नवा गट उघडला होता, त्याचं नाव आठवण गट. कुलूप घेणारी माणसं त्या वयाची असतात म्हणे.

इथपर्यंत ताईला नुसता राग होता. राग आला की माणूस उभा तरी राहतो. पुढे जे झालं त्याने तिला खालीच बसवलं.

लोक फोनवर जाहिरातीची वाक्यं बोलायला लागले. सोळा वर्षांची पोर म्हणायची, "काय आहे ना, आठवणींना कडी नसते." दोन-तीन महिन्यांपूर्वी पन्नासातल्या दोघांना ठाऊक असलेल्या गाण्यात आता ज्याचं त्याचं लहानपण गेलेलं निघालं. कुणाची आई ते म्हणत निजवायची, कुणाच्या शाळेच्या घंटेला ते वाजायचं. खोटं बोलत नव्हते ते. ताईला आवाजावरून कळतं. त्यांना तसं खरंच आठवत होतं. आणि एकदा यादीत त्या बेकरीवाल्याचा नंबर आला. ताईने उत्सुकतेने फिरवला. हा माणूस तरी सांगेल, अहो मी असं बोललोच नव्हतो.

"मीच तो," बेकरीवाला म्हणाला. "रेडिओवर येतं ना, भट्टीवाला, तो मीच. काय रडलो होतो बाई मी त्या दिवशी."

"तुम्ही जांभई दिली होती," ताई म्हणाली.

"छे. रडलो होतो. सगळ्यांना माहितेय."

ताईने त्या रकान्यात काय लिहिलं असेल? मी विचारलं. ती म्हणाली, "सात शब्दांत बसेना." नेहमीचं वाक्य काही म्हणाली नाही.

घरी मशीनचं काय झालं ते मी स्वतः ऐकलं. मी जेवत होतो. गाणं लागलं, ढोलासकट. माझा घास आपोआप थांबला, ताईचा हात नळाकडे गेला. मशीन चालूच. टर्र टर्र टर्र. थोड्या वेळाने पुन्हा लागलं, मशीन चालू. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा मशीन थांबलं, आणि ताई दारापर्यंत धावली. बाबांनी पाय थांबवला होता तो रेडिओचं बटण पिळायला हात पोचावा म्हणून. आवाज बारीक करून त्यांनी पुन्हा चादर सरकवली.

"बाबा, ती कॅसेट लावू का? बासरीची?"

"नको," बाबा म्हणाले. "आता ती लावली तरी ढोलच ऐकू येतो."

या हकिगतीतला शेवटचा गुरुवार त्यानंतर काही महिन्यांनी आला. त्या दिवशी बाजार लवकर उरकला, म्हणून मी टेंपो चष्म्याच्या दुकानासमोर लावला आणि तिला घेऊन जायला वर गेलो. दाराजवळच्या खुर्चीत बसलो. तिचा शेवटचा फोन राहिला होता. यादीतला नंबर बघून तिचं बोट थबकलं. मला वाटलं पुसट छापला असेल.

तो तिच्या घरचा नंबर होता. ओळखीचा नंबर आला तर सोडून द्यायचा, असा नियम आहे. तिने सोडला नाही.

फोनवर बाबा नेहमी ओरडून बोलत; लांबच्या माणसाशी हळू कसं बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मला खुर्चीत बसून दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"नमस्कार, मी पाहणी केंद्रातून बोलते. तुम्हाला काही गाणी ऐकवायची आहेत."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. मग, "बोला बाई."

"आपलं वय?"

"शहात्तर."

"तुमच्या गटाची पाहणी चालू आहे," ताई म्हणाली. पूर्वी या वयाच्या माणसाला ती संख्या पूर्ण झाली म्हणून ठेवून द्यायची; आता आठवण गट होता. "पहिलं गाणं ऐका."

तिने बटण दाबलं. यादीत पहिलं तेच गाणं होतं, ढोलासकट. सात सेकंद गेले. लाल काटा मीही पाहत होतो. मागे बाबांच्या पायाखाली मशीन चालू होतं आणि ते थांबलं नाही, हे तिने मला नंतर सांगितलं.

"आकडा सांगा."

"तीन."

ताईचं पेन कागदावर टेकलेलं. "बाबा, नीट ऐकलंत ना? तीन म्हणजे..."

"विचारलंस ना? मग आता ऐक," बाबा ओरडले, आणि बाकी सातही टेबलांवरच्या बायकांनी माना वळवल्या. "तीन. कंटाळा आला गं, सूनबाई. किती वाजवाल? लाव पुढचं, माझी कॉलर अर्धी राहिलीये."

ताईने तिसऱ्या चौकोनात खूण केली. नीट, रेघेबाहेर न जाऊ देता. मग पेन त्या रकान्याकडे गेलं, *श्रोत्याची भावना*, आणि तिथे बराच वेळ अधांतरी राहिलं. तिने काही लिहिलं नाही. दुसरं गाणंही लावलं नाही.

"तुमच्या गटाची संख्या पूर्ण झाली आहे," ती म्हणाली. "धन्यवाद."

तिने कानाचं यंत्र काढलं, त्याची तार बोटांभोवती गुंडाळली, एक्स्चेंजमध्ये पाळी संपल्यावर गुंडाळायची तशी, आणि ते कागदांवर ठेवलं. उठली. साहेब केबिनच्या दारात आले होते.

"काय झालं ताई?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आता येणार ते वाक्य, अशी माझी खात्री होती. साहेबांची नजर एकदा तिच्यावरून घड्याळाकडे गेली आणि परत आली, तेवढंच. ताईने ते पाहिलं आणि त्यांच्या बाजूने निघून गेली. मला म्हणाली, "तू टेंपो घेऊन ये मागनं. मी चालते." डब्याची पिशवी टेबलाखाली राहिली.

मी खिडकीशी गेलो. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चष्मेवालीही आली, कानाला यंत्र तसंच, तार ताणली जाईल तेवढी ताणून. खाली ताई रस्त्यावर आली. तिने टेंपोकडे पाहिलं नाही. पुढे कॅसेटचं दुकान आहे. त्याच्या दारातल्या कर्ण्यातून ढोल वाजत होता, आणि बाई सांगत होती की कडी नाही. ताई त्याच्यासमोरून गेली, पावलं मंद न करता, घाईही न करता. पाठ ताठ, हात मोकळे.

"येतील ना परत?" साहेबांनी विचारलं.

मी सांगणार होतो. पहिल्यापासून सगळं सांगणार होतो, बासरीवाल्याच्या श्वासापासून. मान वळवली तर ते परत लाल काट्याकडे बघत होते. चष्मेवालीच्या कानातून कुणीतरी बारीक आवाजात म्हणत होतं, "हॅलो? आहात का?" ती आणि मी खाली बघत राहिलो, ताई वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.